पूर्णीचं पूर्ण नाव

शनिवारी दुकानावरची पाटी उतरवली आणि रविवारी सकाळी दहाच्या आत सगळं घर दुकानात हजर झालं. एरवी ह्या घरातली माणसं एका खोलीत यायची तर कुणाला तरी आजारी पडावं लागे. पण इमारतीच्या मालकानं दर्शनी भिंतीला नवा गिलावा केला होता, सोमवारपर्यंत सगळ्या दुकानांच्या पाट्या परत लागायला हव्या होत्या, आणि ह्यांच्या जुन्या पाटीची मागून गंजून चाळण झाली होती. म्हणजे नवी करणं आलं आणि मजकूर ठरवणंही आलं. पन्नास वर्षं दुसऱ्यांचा मजकूर रंगवणाऱ्या माणसांना स्वतःचा मजकूर ठरवायचा म्हटल्यावर घाम फुटला होता.

जुन्या पाटीवर तीन ओळी होत्या. वर आप्पांचं नाव, मधे 'पेंटर', आणि खाली, मागाहून घातल्यामुळे जरा दाटीवाटीनं, 'व चिरंजीव'. हे चिरंजीव आता बावन्न वर्षांचे होते, रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होते आणि त्यांनी ब्रश शेवटचा हातात धरला तो सोळाव्या वर्षी. त्यांचं अक्षर असं, की बाटलीवरचं रुग्णाचं नाव फक्त त्यांना आणि देवाला वाचता यावं. दुकान गेली एकोणीस वर्षं चालवत होती ती त्यांची धाकटी बहीण, पूर्णी. पाटीवर तिचा मागमूस नव्हता.

पूर्णी त्रेचाळीस वर्षांची होती. पत्र्यावर प्रायमरचा दुसरा हात तिनं पहाटे उठून मारून ठेवला होता आणि आता ती टर्पेंटाइनच्या चिंधीनं एकच ब्रश पुन्हा पुन्हा पुसत बसली होती. पुलापलीकडच्या छपाईच्या कारखान्यानं तिला नोकरी देऊ केली होती. कॉम्प्युटरवर अक्षरं जुळवायची, हाताखाली चार माणसं, दर रविवारी सुट्टी. उत्तर सोमवारी दुपारपर्यंत द्यायचं होतं. तिनं मनाशी पक्कं केलं होतं, की पाटीवर पुन्हा 'व चिरंजीव' आलं तर आपण चाललो. हे तिनं पुतणीशिवाय कुणालाही सांगितलं नव्हतं.

आप्पा स्टुलावर बसले होते. मांडीवर तपकिरी कागद, कानावर पेन्सिल. दोन वर्षांपासून उजवा हात थरथरायला लागला होता, तेव्हापासून ते फक्त कागदावर आखणी करून देत आणि रंगवायची पूर्णी. त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, जे होतं तेच राहू दे, गिऱ्हाइकाला सवय आहे.

आता दादा, म्हणजे हे चिरंजीव, 'बरोबर आहे' म्हणणार, असं पूर्णीनं धरूनच ठेवलं होतं. तिनं मान वर केली नाही.

"माझं तेवढं काढा," दादा म्हणाला. "अडतीस वर्षं फुकट उभा आहे मी त्या पाटीवर. पाय दुखायला लागले."

आप्पांनी चष्म्यावरून मुलाकडे पाहिलं. त्यांना वाटलं, पोरगा थट्टा करतोय. पण दादा थट्टा करत नव्हता. लॅबमध्ये परवा कुणीतरी त्याला विचारलं होतं, तुमचं पेंटिंगचं दुकान आहे ना, आमची पाटी किती दिवसांत कराल, आणि त्यानं 'बहिणीला विचारून सांगतो' म्हटल्यावर तो माणूस म्हणाला होता, पण पाटीवर तर तुम्ही आहात. तेव्हापासून त्याला आपण कुणाच्या तरी खुर्चीत बसून राहिल्यासारखं वाटत होतं. हे सगळं त्यानं सांगितलं नाही. पूर्णीचं नाव घाला, एवढंच म्हणाला.

मधल्या बहिणीला, वेलीला, फोनवर घेतलं होतं. तिचा आवाज सगळ्यांना ऐकू यावा म्हणून फोन काचेच्या ग्लासात उभा केला होता, आणि त्यातून ती विहिरीतून बोलावं तशी बोलत होती. तिचंही मत पूर्णीच्याच बाजूनं पडलं. पण लगेच तिनं शंका काढली, की टोपणनाव पाटीवर कसं घालायचं? पूर्णी म्हणजे घरातलं नाव, दुकानावर काहीतरी भारदस्त पाहिजे. वहिनी शाळेत शिकवत, त्यांना हे पटलं. दादाला पटलं नाही. त्याचं म्हणणं, सगळं गाव पूर्णीलाच ओळखतं, दुसरं नाव घातलं तर लोकांना वाटेल दुकान विकलं.

इथं मात्रानं तोंड उघडलं. मात्रा ही दादाची मुलगी, बावीस वर्षांची. तिला एक प्रश्न पडला, की त्याच्यामागे आणखी सहा निघत, आणि तिच्यापुढे घरात कुणाचीच मात्रा चालत नसे.

"आत्याला पूर्णी का म्हणतात पण?"

प्रश्न बरोबर होता, कारण ह्या घरात नाव उगाच पडत नसे. आप्पांनी एकेकाला नाव दिलं होतं ते आपल्या धंद्यातून. दादा जन्मला तोच लांब आणि सरळसोट, म्हणून काना. वेली पाळण्यात अंगाची कमान करून झोपायची, म्हणून वेलांटी. वहिनी लग्न होऊन आल्या आणि तिसऱ्याच दिवशी दुकानात वाळत ठेवलेल्या पाटीपुढे उभ्या राहून म्हणाल्या, इथे टिंब राहिलंय. राहिलंच होतं. त्या दिवसापासून त्या टिंब झाल्या. मात्रा लहानपणी बापाच्या डोक्यावर चढून बसे. आईला मात्र आप्पांनी कधी नाव ठेवलं नाही. ह्या घरात नावं ठेवायचं काम आईकडे होतं.

"मी पौर्णिमेची ना," पूर्णी म्हणाली. "म्हणून पूर्णी."

ही गोष्ट तिनं जन्मभर सांगितली होती. शाळेत, गिऱ्हाइकांना, एकदा तर एका दातांच्या डॉक्टरांना, तोंडात त्यांची हत्यारं असताना. आई सांगायची, तू झालीस त्या रात्री इतकं चांदणं होतं की खोलीत दिवा लावावा लागला नाही. पूर्णीला हे फार आवडे. शाळेच्या पटावरचं तिचं नाव कुणी घेत नसे, घरात आणि बाहेर ती पूर्णीच होती, आणि आपल्या नावात चंद्र आहे ह्याचा तिला थोडा तोरा होता.

मात्रानं फोनवर काहीतरी दाबलं आणि आत्याची जन्मतारीख विचारली. मग भुवया वर केल्या.

"आत्या, तेव्हा पौर्णिमा नव्हती. दुसऱ्या दिवशी अमावास्या होती."

साल चुकलं असेल, वेली ग्लासातून म्हणाली. साल तपासलं. महिना तपासला. दादानं स्वतःच्या फोनवर बघितलं, वहिनींनी त्यांच्या. चंद्र काही उगवेना. सगळे हसायला लागले आणि पूर्णीही हसली, पण तिचं हसणं जरा उशिरा आलं. आई उठली, कुणी मागितलेला नसताना सगळ्यांचे कप गोळा केले आणि मागच्या खोलीतल्या मोरीकडे गेली.

आईनं नळ सोडला आणि बंद केला. दिवा लावावा लागला नाही, हे अर्धं खरं होतं. लाइट गेली होती आणि मेणबत्तीही नव्हती. त्या अंधारात तिला पोर नीट दिसलीही नव्हती, नुसती हाताला लागली होती. चांदणं तिनं नंतर घातलं, पोर चार वर्षांची झाली आणि 'माझं नाव असं का' विचारायला लागली तेव्हा. लेकरासाठी बोललेलं खोटं इतकी वर्षं टिकलं, ह्याचंच तिला नवल वाटत आलं होतं. ती कप तसेच हातात धरून ऐकत राहिली.

बाहेर मात्रा बोटं मोजत होती. काना, वेलांटी, टिंब, मात्रा. ह्या सगळ्यांत चंद्र कुठून आला? "आप्पा, हे तुमचं वाटत नाही," ती म्हणाली.

आप्पांना आजवर हे कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारल्यावर त्यांना खोटं बोलता येत नसे. पाटीवरचं शुद्धलेखन चुकीचं हवं म्हणून हटून बसलेल्या गिऱ्हाइकांना त्यांनी आगाऊ रक्कम परत देऊन घालवलं होतं. त्यांनी पेन्सिल कानावरून काढली, परत ठेवली.

"पूर्णविराम," ते म्हणाले. "पूर्णविरामाचं पूर्णी झालं."

पूर्णीनं ब्रश खाली ठेवला.

"म्हणजे संपलं, असं?" पूर्णीनं विचारलं.

"तिसरं मूल. म्हटलं, आता पुरे."

"मुलगी झाली म्हणून पुरे?"

दादाला वाटलं, म्हातारा आता नाही म्हणेल तर बरं. वहिनींना वाटलं, नाही म्हणालेच तर कुणाला खरं वाटणार आहे.

"तेही होतं," आप्पा म्हणाले. "मागची एवढी एकच खोली होती आणि काम नव्हतं, तेही होतं. पण दुसरा मुलगा झाला असता तर पूर्णविराम म्हटलं नसतं. खोटं कशाला सांगू?"

पूर्णीला वाईट वाटलं. आडवळणानं नाही, सरळ वाईट वाटलं; डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते टर्पेंटाइनच्या हातानं पुसलं, त्यामुळे आणखी आलं. त्याबरोबर एक विचित्र गोष्टही तिच्या मनात आली. लहानपणापासून तिला वाटे, की दादा आणि वेलीताई आप्पांच्या अक्षरांतले आणि आपण तेवढ्या बाहेरच्या. तिचं एकटीचं नाव धंद्यातलं नव्हतं. आता कळलं, की ती पहिल्यापासून आत होती, आणि ती कोणत्या जागी हेही कळलं. ह्यातलं बरं कोणतं आणि वाईट कोणतं, हे तिला पटकन ठरवता येईना.

तिनं अॅप्रनच्या खिशातून कारखान्याचं पत्र काढून कागदावर, आप्पांच्या पुढ्यात ठेवलं. काय आहे ते थोडक्यात सांगितलं. तिचा आवाज चढला नाही.

"पाटीच्या शेवटी पूर्णविराम देत नाहीत, हे तुम्हीच मला शिकवलंत. तेव्हा पूर्णी नको. माझं पटावरचं नाव घाला, तुमच्या नावाएवढ्या अक्षरात. नसेल जमत तर उद्या मी तिकडे हो म्हणते."

दादानं ताबडतोब 'घाला' म्हटलं. वेलीनंही म्हटलं. वहिनी तर कधीपासून हेच म्हणत होत्या. आप्पांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि मान हलवली. आता सगळं ठरलं असं वाटत असताना मागच्या दारातून आई म्हणाली, "ते नाव दारावर नको."

हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. पूर्णीची बाजू आईनं कधी सोडली नव्हती. पण पूर्णीचं पटावरचं नाव हे आप्पांच्या आईचं नाव होतं. पूर्णी जन्मायच्या तीन महिने आधी त्या गेल्या, आणि आप्पांनी कुणाला न विचारता त्यांचं नाव पोरीला दिलं. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण सासूबाईंबद्दल चांगलं बोलायचं तर आईला गप्पच बसावं लागे. बारा वर्षं त्यांच्या हाकेसरशी ती ताटावरून उठली होती. त्या नावानं रस्त्यात कुणी दुसऱ्याच बाईला हाक मारलेली ऐकली तरी अजून तिचे गुडघे आपोआप उठायला बघत. त्या नावानं पोरीला जवळ कसं घ्यायचं? रागवायचं तरी कसं? म्हणून तिनंच आप्पांना सांगितलं होतं, हिला हाक मारायला काहीतरी द्या. आणि त्यांनी दिलं ते हे.

"मी रोज ह्या दारातून जाते-येते," आई म्हणाली. "डोक्यावर त्या नकोत."

आता घराचे नव्यानं दोन तट पडले. वहिनी सुनेच्या जातीच्या, त्या सरकून आईच्या बाजूला गेल्या. दादा म्हणाला, आजी जाऊन इतकी वर्षं झाली, नाव आता पूर्णीचं आहे. वेली म्हणाली, आईचंही खोटं नाही. पूर्णी कुणाचंच ऐकत नव्हती. ती आईकडे बघत होती आणि तिला पहिल्यांदाच कळत होतं, की ह्या बाईनं आपल्याला एकदाही नावानं हाक का मारली नाही.

आप्पा उठले. त्यांनी खडू घेतला आणि दादाला हात टेकवायची काठी धरायला सांगितली. छत्तीस वर्षांनी दादानं ती काठी धरली, आणि ती नीट, बापाच्या मनगटाखाली, जराही न हलवता धरली. आप्पांनी पत्र्यावर खडूची दोरी ताणून तीन रेघा पाडल्या. स्वतःच्या नावाची त्यांनी नुसती खूण केली. मधली रेघ 'पेंटर'साठी सोडून तिसऱ्या रेघेवर पहिलं अक्षर काढलं, आणि थांबले.

"पहिली की दुसरी?" त्यांनी विचारलं.

"मी पहिली, पूर्णी दुसरी," ग्लासातून वेली म्हणाली. "मुलीसुद्धा विसरलात का आता?"

"वेलांटी ग," दादा म्हणाला. "वेलांटी विचारतायत. पहिली की दुसरी."

मात्रा खदखदून हसली. पूर्णी हसली नाही. ह्या माणसानं गावातल्या प्रत्येक डॉक्टरचं, वकिलाचं, शिंप्याचं नाव लिहिलं होतं, मेलेल्यांची दगडावर लिहिली होती, आणि पोटच्या पोरीच्या नावात कुठली वेलांटी ते त्याला विचारावं लागत होतं. ते आप्पांच्याही लक्षात आलं. खडू धरलेला हात खाली आला.

"हे नाव मी कधी लिहिलंच नाही," ते म्हणाले. कुणाला उद्देशून नव्हे.

"दुसरी," वहिनी म्हणाल्या. "व्याकरणानं दुसरीच."

"माझ्या दाखल्यावर पहिली आहे," पूर्णी म्हणाली.

मग दाखला चुकलाय, वहिनींनी निकाल दिला. आणि पेंटरच्याच पाटीवर अशुद्ध नाव लागलं तर लोक दात काढतील, हेही सांगितलं. आप्पांना ते पटलं. आता आठवलं, आईच्या नावात दुसरीच होती, असं म्हणून त्यांनी दुसरी वेलांटी काढली. वळण झोकदार होतं, थरथर दिसतही नव्हती. पूर्णीनं आपलं नाव खडूनं लिहिलेलं पाहिलं आणि तिला ते परक्या बाईचं वाटलं. पहिलीवाल्या नावानं ती परीक्षेला बसली होती, त्याच नावानं तिनं सह्या केल्या होत्या. तेही आता चुकलेलं ठरलं. पत्र उचलून खिशात घालावं, असं तिच्या मनात आलं.

"पहिली करा," आई म्हणाली.

ती ओल्या हातांनी पत्र्यापर्यंत आली होती.

"अग, पण शुद्ध..." आप्पा म्हणाले.

"त्यांची दुसरी होती. मला ठाऊक आहे. शाळेत हिचं नाव घालायला मी गेले होते, तुम्ही कुठल्याशा थिएटरचा पडदा रंगवत होतात. मास्तरांनी दुसरीच लिहिली. मी म्हटलं, खोडा, पहिली द्या. ते म्हणाले, बाई, चूक होईल. म्हटलं, होऊ दे."

"मुद्दाम?" मात्रानं विचारलं.

"मुद्दाम. त्यांचं नाव त्यांच्यापाशी. माझ्या पोरीला तिचं वेगळं हवं होतं. तेवढीच एक जागा माझ्या हातात होती."

"मग त्या नावानं हाक का नाही मारलीस कधी?" पूर्णीनं विचारलं.

"लिहिताना वेगळं होतं," आई म्हणाली, "पण ऐकायला तेच येतं ना."

आप्पांनी चिंधीचं टोक ओलं केलं. आयुष्यात कुठल्याही गिऱ्हाइकासाठी केलं नव्हतं ते त्यांनी केलं. शुद्ध वेलांटी पुसली आणि तिच्या जागी अशुद्ध काढली. ग्लासातून वेली विचारत राहिली, काय झालं, कुणी सांगेल का मला.

रंगवलं पूर्णीनंच. रविवारची दुपार स्वतःच्या नावात गेली. इतर कुणाच्या नावाला तिला एवढा वेळ लागला नसता. सोमवारी सकाळी तिनं कारखान्याला फोन करून नाही सांगितलं. चार वाजता पाटी भिंतीवर चढली. 'व चिरंजीव' आता नव्हतंच, नुसती दोन नावं आणि मधे 'पेंटर'. पूर्णी शिडीवर उभी राहून शेवटचा खिळा ठोकत होती. खाली फुटपाथवर आई मान वर करून वाचत होती. आप्पांचं नाव तिनं मनातल्या मनात वाचलं, 'पेंटर' ओठ हलवून वाचलं, आणि पुढचं मोठ्यानं. एकदा वाचलं. मग हाक मारावी तसं, जरा ताण देऊन, पुन्हा एकदा.

पूर्णीनं हातोडी थांबवली आणि आई कुणाला बोलावतेय ते बघायला मागे रस्त्याकडे पाहिलं.